नोकरी गेली? आरोपीचं नाव सांगा!

कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली. वीस वर्षं एकाच मशीनवर उभा राहिलेला माणूस भरदुपारी घरी आला. दुसऱ्या दिवशी तो सरकारी कचेरीत मदत मागायला गेला, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

घर कसं चालतंय? हातात दुसरी कला आहे का? पोरांच्या फीचं काय?

अमेरिकेने साठ वर्षं वेगळाच प्रश्न विचारला. तुझी नोकरी नेमकी कोणी खाल्ली?

परदेशी मालाने खाल्ली असेल तर या, बसा, फॉर्म भरा. यंत्राने खाल्ली असेल तर ही ती खिडकी नव्हे. मालकाने स्वतःच्या अकलेने कंपनी बुडवली असेल तर वाईट वाटलं, पण पुढच्याला येऊ द्या.

योजनेचं नाव 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स'. लाडाचं नाव टीएए. व्यापारापायी नोकरी गमावलेल्यांना सरकारचा आधार. व्यापारापायीच हं. नुसती नोकरी गेली तर साधा बेकारभत्ता आहेच, तो घ्या आणि थोडक्या दिवसांत सावरा.

सुरुवात मोठी गोड होती. १९६२ साली अध्यक्ष केनेडींना आयातशुल्क खाली आणायचं होतं आणि युनियनवाले बिथरायला नको होते. तोड निघाली. स्वस्त मालाचा फायदा सगळ्या देशाला होणार, तोटा मूठभरांना. तर त्या मूठभरांची भरपाई देशाने करावी. हिशेब चोख, टाळ्या घेणारा.

कायदा झाला. अर्ज येऊ लागले. १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत मंजूर झालेले कामगारांचे अर्ज किती?

शून्य.

सात वर्षांत सरकारला व्यापाराचा एकही बळी सापडला नाही. इतका निरुपद्रवी व्यापार जगाच्या पाठीवर दुसरीकडे झाला नसेल.

गोम पात्रतेत होती. आयात वाढली ती प्रामुख्याने शुल्क कमी केल्यामुळेच, हे आधी दाखवा. मग त्या आयातीमुळेच प्रामुख्याने नोकरी गेली, हे दाखवा. ज्या प्रश्नावर दोन अर्थतज्ज्ञ एका टेबलावर जेवू शकत नाहीत, तो बुटांना तळवे ठोकणाऱ्याने अर्जासोबत सोडवून आणायचा.

युनियनवाल्यांनी या योजनेला अंत्यविधीचा विमा म्हणायला सुरुवात केली. विमा कंपन्यांवर अन्याय झाला. त्या निदान मेल्यावर तरी पैसे देतात.

१९७४ साली अमेरिकी काँग्रेसला दया आली. आयातीने नोकरी जाण्याला 'महत्त्वाचा हातभार' लावला एवढं दिसलं तरी पुरे, असा नवा कायदा आला. दार उघडलं. आणि नेमकी जपानी मोटारींची लाट आली. १९८० साली या योजनेचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्यातला मोठा वाटा मोटार कामगारांचा. गंमत अशी की, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात चेक पडला तेव्हा ते पुन्हा कामावर रुजूही झाले होते.

पैसे उशिरा पोचवले सरकारने. मग रेगन आले आणि १९८१ मध्ये कात्री कोणावर चालली?

बरोबर ओळखलंत.

आता जरा प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. इथे खरी मजा आहे.

अर्ज एकट्याने करता येत नाही. किमान तीन कामगारांच्या सह्या लागतात. नाहीतर युनियनने करावा, कंपनीने करावा किंवा राज्याच्या रोजगार कचेरीने करावा. तीनच का? एकाची नोकरी गेली तर त्याचं नशीब. दोघांची गेली तर योगायोग. तिघांची गेली की तो आंतरराष्ट्रीय व्यापार.

मुदतही आहे. नोकरी जाऊन वर्ष उलटायच्या आत अर्ज हवा. ज्याला योजना आहे हेच तेराव्या महिन्यात कळलं, त्याचं दुःख कालबाह्य.

अर्ज वॉशिंग्टनला पोचला की तपास अधिकारी नेमला जातो. तपासच म्हणायचं, कारण सगळा थाट फौजदारी आहे. आधी कंपनीला विचारायचं: विक्री किती घटली, उत्पादन किती घटलं, तुम्ही बाहेरून माल आणता का, काम परदेशी हलवलंत का? ज्या कंपनीने माणसाला घरी बसवलं, तिनेच त्याचं प्रकरण भक्कम करून द्यायचं.

तेवढ्यावर भागलं नाही तर कंपनीच्या गिऱ्हाइकांना प्रश्नावली जाते. तुम्ही या कारखान्याकडून घेणं कमी केलंत का? आणि त्या जागी परदेशी माल घेतलात का? म्हणजे ज्या व्यापाऱ्याने पाठ फिरवली म्हणून कारखान्याला कुलूप लागलं, त्याच्याच साक्षीवर कामगाराची भाकरी. तो व्यापारी म्हणाला, 'छे हो, आम्ही देशी मालच घेतो, फक्त दुसऱ्या राज्यातला,' की खेळ खलास.

नोकरी दुसऱ्या राज्याने खाल्ली तर ती देशभक्ती. तिला भरपाई नाही.

हे सगळं चाळीस दिवसांत उरकायचं, असं कायदा सांगतो. कायदा बऱ्याच गोष्टी सांगतो.

समजा, गट पात्र ठरला. पेढे? थांबा. आतापर्यंत फक्त कारखान्याचं दुःख मान्य झालं. तुमचं स्वतःचं वेगळं तपासायचंय. त्यासाठी राज्याच्या कचेरीत दुसरा अर्ज. नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत निदान २६ आठवडे तुम्ही याच कारखान्यात काम केलं होतं का? आठवड्याला किमान ३० डॉलर मिळत होते का? आपल्याकडे '२४० दिवस भरले का' म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मंडळींना हे वाचून घरच्यासारखं वाटेल.

आणि शाळा. बेकारभत्ता संपल्यावर या योजनेचा साप्ताहिक भत्ता हवा असेल तर प्रशिक्षणाला नाव घातलंच पाहिजे. तेही मुदतीत. २००२ च्या कायद्यात मुदत होती पात्रता मिळाल्यापासून आठ आठवडे किंवा नोकरी गेल्यापासून सोळा आठवडे, जे नंतर येईल ते. ती चुकली की भत्ता गेला. पुढे ती २६ आठवड्यांवर आणली. पन्नाशीच्या फिटरने विशीतल्या पोरांशेजारी बसून संगणकावर बिलं करायला शिकावं, आणि तेही उत्साहाने, अशी अपेक्षा.

मास्तर कोणत्या नोकरीसाठी शिकवतोय ते त्याला तरी ठाऊक आहे का? असू दे.

एक कलम मात्र मला मनापासून पटतं. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातली अर्धी तफावत सरकार भरून देत असे, दोन वर्षांत जास्तीत जास्त दहा हजार डॉलरपर्यंत. नव्या नोकरीचा पगार पन्नास हजारांच्या आत हवा. माणूस कामाला लागतो, पडेल ते काम धरायची लाज वाटत नाही, आणि शाळेचं सोंग नाही. इतकं शहाणं कलम सरकारी कायद्यात घुसलं कसं, याची चौकशी व्हायला हवी.

एकोणपन्नाशीच्याला का नाही? त्याला भूक कमी लागते, असा काहीतरी शास्त्रीय आधार असेल.

आता आपल्या घराजवळचा भाग.

या कायद्याला कारखान्यात 'वस्तू' बनवणारा माणूस हवा असे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या नोकऱ्या भारताकडे निघाल्या तेव्हा तिकडच्या प्रोग्रॅमरनी अर्ज टाकले. कामगार खात्याने विचारलं, वस्तू कुठाय? सॉफ्टवेअर सीडीवर भरून खोक्यात घातलं तर वस्तू. तेच तारेवरून पाठवलं तर हवा. प्रकरणं न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली. तिथे खात्याची तासंपट्टी झाली आणि २००६ मध्ये हवेलाही वस्तूचा दर्जा मिळाला.

२००९ मध्ये तर सेवाक्षेत्रच आत घेतलं, आणि काम कुठल्याही देशात हललं तरी चालेल असं ठरलं. त्याआधी काम हललेल्या देशाशी व्यापार करार वगैरे असावा लागे. म्हणजे मेक्सिकोने नोकरी नेली तर सोय, चीन-भारताने नेली तर आयातीचा वेगळा पुरावा आणा. चोर ओळखीचा असेल तरच चोरीची नोंद.

हिंजवडीत कोणाचे फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, तेव्हा तिकडे कुठल्याशा गावात कोणी तरी फॉर्मवर देशाच्या रकान्यात 'भारत' लिहीत होतं. दोघांनीही सरकारला एकच विचारलं असतं: पुढची दहा वर्षं हे असंच चालेल ना?

आणि योजनेला स्वतःलाच नोकरीची शाश्वती नव्हती. २०११ च्या फेब्रुवारीत वाढीव नियम संपले, ऑक्टोबरात परत आले. २०१४ मध्ये पुन्हा आकसले, २०१५ मध्ये पुन्हा फुगले. २०२१ च्या जुलैत पुन्हा आकसले, आणि कॉल सेंटरवाला पुन्हा दाराबाहेर. दुःख तेच, खुर्ची तीच. पात्रता मात्र कॅलेंडरवर.

फक्त कॅलेंडरवर? टेबलावरही. बेंजामिन हायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे अर्ज तपासले तेव्हा दिसलं की काही तपास अधिकारी सढळ हाताचे, काही कडक. कुठला अर्ज कुणाकडे जाईल, हा जवळजवळ नशिबाचा भाग. याच नशिबाचा उपयोग करून त्याने हिशेब मांडला: ज्यांना योजना मिळाली त्यांची दहा वर्षांतली कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ५० हजार डॉलरने जास्त.

म्हणजे पन्नास हजारांचं भवितव्य साहेब कोण यावर. आपल्याकडे साहेब बदलेपर्यंत फाइल थांबवून ठेवायची सोय तरी आहे.

याआधी, २०१२ मध्ये, सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत उलट निघालं होतं. पहिल्या चार वर्षांत योजनेतले लोक बाहेरच्यांपेक्षा कमी कमावत होते. साहजिक आहे, ते वर्गात बसले होते. चार वर्षं मोजली तर योजना वाया, दहा मोजली तर फायद्याची. निवडणुका किती वर्षांनी येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांनी २०१३ मध्ये त्याहून झोंबणारी गोष्ट दाखवली. चिनी मालाने ज्या भागांची वाट लावली तिथे सरकारी पैसा वाढला खरा. पण तो आला अपंगत्वाच्या पेन्शनमधून, वैद्यकीय मदतीतून, निवृत्तिवेतनातून. याच कामासाठी जन्मलेल्या टीएएचा वाटा त्यात चिमूटभर.

का? 'माझी नोकरी चीनने नेली' हे सिद्ध करण्यापेक्षा 'माझी कंबर गेली' हे सिद्ध करणं सोपं.

तुम्ही म्हणाल, तिकडचं सरकारच चिक्कू असेल. अजिबात नाही. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर शुल्क लावलं, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर लावलं. शेतकरी अडचणीत आला. सरकारने त्या वर्षी १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली, पुढच्या वर्षी आणखी १६ अब्जांची. तिघांच्या सह्या? नाहीत. गिऱ्हाइकाला प्रश्नावली? नाही. आधी हिशेबनीस होण्याचा कोर्स करा, असं कुठल्या सोयाबीनवाल्याला कोणी सांगितलं नाही.

कामगारांच्या प्रशिक्षणावर तेव्हा वर्षाची मर्यादा होती ४५ कोटी डॉलर.

आणि त्याच व्यापारयुद्धात निर्यात बुडाल्यामुळे नोकरी गेलेला कामगार? अपात्र. नियमात आयात आहे, कारखाना परदेशी हलवणं आहे. निर्यात बुडणं नाही. पोलादावर शुल्क लागल्याने पोलाद महागलं आणि त्यापायी एखादा सुटे भाग करणारा कारखाना झोपला? तोही अपात्र. परदेशाने मारलं तर मलमपट्टी. आपल्याच सरकारने मारलं तर तो मार प्रेमाचा.

असो. हे सगळं भूतकाळात वाचा. कारण १ जुलै २०२२ पासून योजना बंद आहे.

कोणी विरोधात मोर्चा काढला नाही. कोणी रद्द करा म्हणून मतदान केलं नाही. मुदत संपत होती, ती वाढवायची होती, दोन्ही पक्षांचं कामगारांवर अतोनात प्रेम होतं, आणि तारीख निघून गेली. नवे अर्ज घेणं थांबलं, पडून असलेल्यांवर निर्णय देणं थांबलं. आधी पात्र ठरलेल्या गटातही ३० जूनपर्यंत ज्याची नोकरी गेली त्याला मदत. १ जुलैला गेली त्याला नाही.

मालकाने एक दिवस जास्त कामावर ठेवलं, हीच त्याची चूक.

आणि मग आलं २०२५. २ एप्रिलला ट्रम्प यांनी साऱ्या जगावर आयातशुल्काचा वरवंटा फिरवला. कोणाच्या नावाने? परदेशी मालाने देशोधडीला लावलेल्या कारखाना कामगाराच्या. प्रत्येक भाषणात तो आहे. त्याचे हात, त्याचा घाम, त्याचं ओसाड गाव, सगळं आहे. त्याच्यासाठी शुल्क आहे, भिंत आहे, जगाशी भांडण आहे.

अर्जाचा फॉर्म तेवढा नाही.

साठ वर्षं ज्याला 'सिद्ध कर' म्हणून पिडलं, त्याचं म्हणणं राष्ट्राध्यक्षांनी पुराव्याशिवाय मान्य केलं, आणि तेही खिडकी बंद झाल्यावर! युरोपने या बाबतीत थोडी अक्कल दाखवली. तिकडच्या निधीला २००७ मध्ये एकदम हजार जणांची छाटणी लागायची, आता दोनशेंवर आलेत. शिवाय २०२१ पासून कारण कुठलंही चालतं: व्यापार असो, यंत्र असो. नोकरी कोणी खाल्ली हे विचारून पोट भरत नाही, एवढं समजायला त्यांना चौदा वर्षं लागली. तशी लवकरच म्हणायची.

त्या अमेरिकी शुल्काचा वरवंटा फिरत फिरत आपल्याकडेही आला. २७ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लागलं. सोलापूरचे टॉवेल अमेरिकेत जातात. अंधेरीच्या सीप्झमधले दागिने अमेरिकेत जातात. तिकडच्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली की इकडे पाळी कमी होते.

इथे आरोपी शोधायची गरजच नाही. त्याने स्वतः सही करून कबुली दिली आहे, तारखेसकट.

मग आपल्या कामगाराला काय मिळतं? व्यापारापायी नोकरी गेलेल्यांसाठी वेगळी खिडकी आपल्याकडे नाही. कर्मचारी राज्य विम्यात नाव असेल तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. २०१८ पासून. पूर्वी सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत, कोविडच्या काळात ५० केले. जास्तीत जास्त ९० दिवस.

जन्मात एकदा. दुसऱ्यांदा नोकरी घालवायची हौस आपापल्या खर्चाने भागवावी.

आणि विम्यात नाव नसेल तर? मागावर, पॉलिशवर, पॅकिंगवर मुकादमाच्या वहीत हजेरी लागणारे किती आहेत, हे सोलापूरलाही माहीत आहे आणि अंधेरीलाही. अमेरिका विचारत होती, नोकरी कोणी नेली. आपल्याकडे त्याच्या आधीचा प्रश्न असतो: नोकरी होती कशावरून?

तरी धीर सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात छाटणी झालेल्यांसाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांचं वेतन त्यात भरायचं, आणि छाटणीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. पंधरा दिवसांच्या पगारात नवं कौशल्य. अमेरिकेने यासाठी १३० आठवड्यांपर्यंत भत्ता देऊन पाहिला. तिकडची माणसं जरा मंदच असावीत.

हा निधी छाटणी झालेल्यांसाठी आहे, हे मात्र लक्षात ठेवा. मुदतीच्या करारावर असाल आणि ऑर्डर नाही म्हणून तो पुढे वाढवला नाही, तर कायद्याच्या लेखी तुमची छाटणी झालेलीच नाही. मुदत संपली, इतकंच.